पाऊस मोजणाऱ्या ताराबाईंच्या गावी

गोदावरीला पूर किती आला, असं नाशिकच्या माणसाला विचारा. तो फुटात सांगणार नाही. "मारुतीच्या गुडघ्याला लागला," म्हणेल, नाहीतर "कमरेला लागला," म्हणेल. नदीपात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती हीच आमची मोजपट्टी. पाणी छातीला आलं की भांडी बाजारातले दुकानदार खालच्या फळीवरचे हंडे वरच्या फळीवर ठेवतात, आणि गळ्याला आलं की कुलूप घालून माडीवर जातात. मी जन्मापासून हेच बघत आलेय. त्यामुळे दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही पावसाळ्यांत, रडारवरून शहराला पुराचा इशारा द्यायची एक योजना आली आणि तिच्या नियंत्रण खोलीत माझी नेमणूक झाली, तेव्हा मी देवळाली कॅम्पातल्या आमच्या आळीत नाक वर करून हिंडले. का हिंडू नये? आमच्या आळीत लष्कराच्या तोफांचे आवाज मोजणारे पुष्कळ होते, ढग मोजणारी मी एकटीच!

आमचं काम सांगायला सोपं. लांब समुद्रकाठी एक रडार. ते आभाळात लहरी सोडतं, पावसाच्या थेंबांवर आपटून त्या परत आल्या की ढगात पाणी किती आहे ते कळतं. त्याचं चित्र टेलिफोनच्या तारेवरून आमच्या संगणकावर यायचं. हिरवा रंग म्हणजे रिमझिम, पिवळा म्हणजे बरा पाऊस, लाल म्हणजे सांभाळा. पण ढगात दिसलं तेवढं जमिनीवर पडतं का, हे पडताळायला नदीच्या उगमाकडच्या डोंगरात दहा-बारा गावांत पर्जन्यमापक बसवलेले होते. प्रत्येक गावी एक वाचक आणि एक वायरलेसचा संच. वाचक पाऊस मोजून आकडा सांगायचा, मी वहीत चढवायची. नदीला किती पाणी येणार ते मग संगणक सांगायचा.

त्यातलं एक गाव करंजपाडा. नाव बदललंय, शोधायला जाऊ नका. तिथल्या वाचक ताराबाई भोये. रोज सकाळी त्यांचा आवाज माझ्या खोलीत यायचा, पण तोंड कधी बघितलं नव्हतं. मी त्यांना "करंजपाडा" म्हणायची आणि त्या मला "नाशिक".

आदल्या पावसाळ्यात आमचा इशारा उशिरा गेला. रडारच्या चित्रात सगळं हिरवंगार, आणि नदी मात्र चढत राहिली. भांडी बाजारात गुडघाभर पाणी शिरल्यावर आमचा भोंगा वाजला. लोकांनी आमची काय शोभा केली ते इथं लिहिण्यासारखं नाही. म्हणून यंदा रडारचे तज्ज्ञ देवधर पुण्याहून आले. करंजपाड्यात तीन दिवस राहून स्वतः पाऊस मोजायचा, असं त्यांनी ठरवलं, आणि सोबत मला घेतलं.

गिरणारे

सकाळी निघालो. जीप गफूरभाईंची. गफूरभाई जुन्या नाशकातले, डोंगरातला प्रत्येक खड्डा त्यांना नावानं ओळखतो. गिरणाऱ्याच्या चौकात मजुरांची गर्दी होती. पेठ-हरसूलकडून आलेली माणसं डबा बांधून उभी राहतात, टोमॅटोवाले शेतकरी येऊन त्यांना घेऊन जातात. आम्ही त्या गर्दीतून वाट काढत मिसळ खायला बसलो. देवधरांनी पहिला घास घ्यायच्या आधी चमच्यानं मिसळ उकरून बघितली.

"पोहे नाहीत?" ते म्हणाले.

"सर, ही नाशिकची मिसळ आहे. पोहे सकाळी घरी खायचे असतात," मी म्हटलं.

काळ्या मसाल्याचा रस्सा त्यांच्या घशात गेला आणि पुढची पाच मिनिटं त्यांना बोलताच येईना. गफूरभाईंनी शांतपणे आपला पापड त्यांच्या पुढे सरकवला.

बोलता यायला लागल्यावर त्यांनी खिशातून यादी काढली. सगळ्या गावांची नावं, आणि करंजपाड्यापुढे लाल शाईचं प्रश्नचिन्ह.

"शोभाताई, बाकी गावांचे आकडे रडारशी जुळतात. हे एकच गाव कायम जास्त पाऊस दाखवतं. एक आकडा खोटा असला की सगळं गणित बिघडतं. तीन दिवसांत खात्री झाली की हे नाव मी कापणार. तिथला संच परत न्यायचा."

"बाई खोटं सांगत असतील असं वाटत नाही मला. मोजताना चुकत असतील," मी म्हटलं.

हे मी अगदी मनापासून म्हटलं होतं. माझी तशी पक्की समजूत होती.

चिखलात

डांबरी रस्ता संपल्यावर दोन वळणांतच जीप रुतली. गफूरभाईंनी गिअरवर गिअर बदलले, देवाची नावं घेतली, मग रस्ता करणाऱ्याची घेतली, पण जीप हलेना. देवधर उतरले ते थेट पोटरीपर्यंत. त्यांचा एक बूट चिखलानं जो ठेवून घेतला तो आजपर्यंत दिलेला नाही.

शेजारच्या खाचरात भाताची आवणी चालली होती. पाच-सहा बाया कंबरेत वाकून रोपं लावत होत्या. डोक्यावर पूर्वी पानांची इरली असायची, आता खताच्या गोणीचे नाहीतर निळ्या प्लास्टिकचे घोंगते. त्या हसत हसत आल्या, "हेऽऽ मारा!" करून जीप बाहेर काढली आणि वर मलाच अडवलं.

"आमी तुमची गाडी ढकलली. आता तुमी येक वळ लावा."

काय करता! साडी खोचून उतरले आणि एक ओळ लावली. ती इतकी वाकडी गेली की एक आजी म्हणाल्या, "नाशकाचा रस्ता आसाच आहा का?" घरी मी कुंडीतली तुळस सरळ लावू शकत नाही, हे त्यांना काय सांगणार.

करंजपाडा

शेवटचा चढ पायी. देवधरांच्या एका पायात बूट, दुसऱ्या पायात गफूरभाईंची चप्पल, आणि त्यांचं मोजमापाचं सामान तांदळाच्या गोणीत गुंडाळून गफूरभाईंच्या डोक्यावर. वर पोचलो तर ढग अंगणात उतरलेले. आम्ही शहरात ढग बघायला मान वर करतो, इथं ते चुलीपर्यंत येतात.

आवाजावरून ताराबाई मला थोराड वाटल्या होत्या. प्रत्यक्षात किडकिडीत, चाळिशीच्या, नाकात चमकी. माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "तुमी नाशिक का?"

"हो. तुम्ही करंजपाडा?"

दोघीही इतक्या हसलो की देवधर गोंधळून गेले. ताराबाईंनी माझे दोन्ही हात धरले. "रोज बोलतो, पर ह्या बाईला काय आवडतं खायला ते पन म्हायीत नाय," म्हणाल्या आणि लगेच चुलीशी बसल्या. नागलीची काळसर भाकरी, कवळ्याची रानभाजी, उडदाची आमटी आणि खुरासणीची चटणी. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. घरी माझी दीडवर गाडी अडते.

देवधर मात्र जेवायच्या आधी पर्जन्यमापकाकडे गेले. तारेच्या कुंपणात उभं केलेलं ते नळकांडं ताराबाईंनी देव्हाऱ्यासारखं चकचकीत ठेवलं होतं. देवधरांनी पातळी बघितली, वरचं नरसाळं बघितलं, आतली बाटली बघितली, मोजायचं काचेचं माप उजेडात धरून बघितलं. चूक सापडेना. मग म्हणाले, "मोजून दाखवा."

ताराबाईंनी बाटली काढली आणि पाणी मापात ओतलं. माप भरलं की ओतून द्यायचं आणि ओटीवरच्या पाटावर एक चिंचोका ठेवायचा. पुन्हा भरायचं, दुसरा चिंचोका. शेवटचं अर्धवट माप डोळ्यासमोर आणून वर किती रेघा ते वाचायचं. मग चिंचोके एकदा डावीकडून मोजायचे आणि एकदा उजवीकडून.

"दोनदा का?" देवधरांनी विचारलं.

"वायरलेसवर सांगाचं असतं ना. चुकलं तर नाशकातली लोकं बुडतील."

हे ऐकलं आणि मी पाटावरच्या चिंचोक्यांवरून नजर काढून घेतली. का, ते आता सांगते. सांगायला लाज वाटते, पण त्याशिवाय हे प्रवासवर्णन लिहिण्यात अर्थ नाही.

आमच्या खोलीत दोन वह्या. वायरलेसवर येईल तो आकडा कच्च्या वहीत जसाच्या तसा लिहायचा, मग पक्क्या वहीत चढवायचा. करंजपाड्याचा आकडा शेजारच्या गावांपेक्षा कायम वर असायचा. पहिल्याच वर्षी मी ठरवून टाकलं की या बाई एक माप दोनदा मोजतात. म्हणून पक्क्या वहीत चढवताना मी एक माप काढायची. पाऊस फार असला तर दोन. आमटीत मीठ जास्त पडलं की बाई पाणी घालते ना, तसं. मला त्यात खोटेपणा वाटलाच नाही. उलट माझी वही कशी एकसारखी दिसते, म्हणून साहेब कौतुक करायचे आणि मी ते कौतुक खुशाल घ्यायची. माझ्या हाताखालच्या दिलीपलाही मी तेच शिकवलं होतं.

आणि देवधरांनी रडारचं सगळं गणित बसवलं होतं ते माझ्या पक्क्या वहीवर.

चिंचोके दोनदा मोजणारी बाई एक माप जास्त कसं सांगेल? मला तिथंच बोलायला हवं होतं. पण उद्या सांगू, एकांतात सांगू, असं करत मी चटणी चाटत बसले.

जेवण झाल्यावर देवधरांनी काही आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. तज्ज्ञ माणसं अशीच असतात. "ताराबाई, तुमचा आकडा रडारशी जुळत नाही. या तीन दिवसांत जुळला नाही, तर तुमचं नाव काढून टाकावं लागेल."

ताराबाईंचा चेहरा उतरला. "माजा आकडा खोटा?"

"तसं म्हणत नाही मी."

"मंग काय म्हनता?" त्यांनी पदर खोचला. "सात येत्ता शिकली म्हनून गावानं हे काम माज्याकडं दिलं. पावसात सगळी घरात आसतात, मी भाईर आसते. तापात पडली तरी मोजला मी पाऊस. खोटं सांगाया मला काय पडलंय?"

देवधर यादीची घडी घालत राहिले. मी ताटं गोळा करायला लागले.

मग ताराबाईच बोलल्या, पाहुण्यांपुढे रुसून बसणं त्यांना जमेना. "तुमच्याकडं पूर कसा मोजतात?"

मी मारुतीचं सांगितलं. गुडघा, कंबर, छाती, गळा.

"म्हंजे देव बुडंपर्यंत तुमी बघत बसता?" त्यांनी तोंडावर हात ठेवला. "आमी ओहोळातला पहिला दगड झाकला का ढोरं वर नेतो." गफूरभाई एवढे हसले की त्यांच्या हातातला कोरा चहा सांडला.

दुसरा दिवस

सकाळपासून पाऊस लागला. जोराचा नाही, पण खंडही नाही. डोंगरातल्या ढगांची हीच रीत. गरजत नाहीत, चमकत नाहीत, उतारावर टेकून बसतात आणि गळत राहतात.

देवधरांनी स्वतः मोजायला घेतलं. दर तासाला दोघं कुंपणात. एक तज्ज्ञ, एक ताराबाई, दोघांवर मिळून एक निळं प्लास्टिक. मी वायरलेसवर दिलीपला विचारायची, "दिलीप, पडद्यावर करंजपाड्यावर रंग कुठला? ओव्हर."

"ताई, काहीच नाही. अगदी फिका हिरवा. ऊन पडलंय का तिकडं? ओव्हर."

ऊन! छपरावरून पागोळ्या अशा लागल्या होत्या की बोललेलं ऐकू येईना. दुपारपर्यंत पाटावर तीन चिंचोके झाले. देवधरांनी स्वतःच्या हातानं ठेवलेले.

त्यांनी दाराच्या चौकटीला टेकून डोंगराकडे बघितलं. मग ताराबाईंच्या सुपात तांदळाचे दोन ढीग केले आणि आम्हाला समजावून सांगितलं. रडार लांब आहे, मधे डोंगर आहेत, जमीन गोल आहे. इथवर येईपर्यंत रडारची लहर खूप उंचावरून जाते. उंच ढग तिला दिसतात, पण डोंगराला टेकलेले हे बुटके ढग तिच्या खालीच राहतात.

"हे कोरड्या कागदावर मला माहीत होतं," ते म्हणाले. "म्हणूनच मी तुमची जुनी वही तपासली होती, शोभाताई. तिच्यात फरक थोडासाच होता, मोजणाऱ्याची चूक वाटावी एवढा; इतका मोठा दिसतच नव्हता. दिसला असता तर मी पहिल्याच वर्षी गणितात सुधारणा केली असती."

आता तरी बोल, बाई! पण नाही. "अस्सं?" एवढंच माझ्या तोंडून निघालं. स्वतःचा इतका राग मला पूर्वी कधी आला नव्हता.

तिसरा दिवस

पहाटेपासून पावसानं रंग बदलला. समोरचा डोंगर दिसेना, मग समोरचं झाड दिसेना. ओहोळातला पहिला दगड न्याहारीच्या आतच गेला आणि गावातली ढोरं वर निघाली. बाटली तासात भरायला लागली. ताराबाई आत-बाहेर करत होत्या आणि पाटावर चिंचोक्यांची ओळ वाढत होती. पाच. सात. नऊ.

"दिलीप, रंग? ओव्हर."

"हिरवा, ताई. मधे एक पिवळा ठिपका. शहरात बारीक भुरभुर आहे. शहराच्या वरचं धरण मात्र काठोकाठ भरलंय, वरून येईल तेवढं खाली सोडावं लागणार म्हणतायत. ओव्हर."

देवधर ताडकन उठले. "आकडा द्या त्याला. लगेच."

ताराबाईंनी संच हातात घेतला, बटण दाबलं आणि रोजच्याच ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "नाशिक, करंजपाडा बोलतंय. सकाळपासून नऊ माप आनि वर चार. ओव्हर."

तिकडून दिलीपचा आवाज आला. संचाचा भोंगा मोठा, सगळ्या घरात ऐकू जाणारा.

"नऊ आणि चार, मिळालं. शोभाताई आहेत ना तिथं? ताई, नेहमीप्रमाणे दोन माप काढूनच संगणकात टाकू ना? ओव्हर."

  देवधर माझ्याकडे बघत होते. गफूरभाई जमिनीकडे. आणि ताराबाई हातातल्या संचाकडे, त्यातून कुणी शिवी दिल्यासारख्या.

मी त्यांच्या हातातून संच घेतला. आवाज कसा कोण जाणे, खणखणीत निघाला. "दिलीप, एक थेंबही काढायचा नाही. मी तुला शिकवलं ते चूक होतं. बाईंनी सांगितलं ते बरोबर आहे, तेच टाक. आणि कपाटातल्या सगळ्या कच्च्या वह्या काढ. ओव्हर."

"किती वर्षं?" देवधरांनी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

ते माझ्यावर ओरडले असते तर बरं वाटलं असतं. पण त्यांना वेळ नव्हता. त्यांनी पेन्सिल काढली. दिलीप कच्च्या वहीतले मोठ्या पावसाचे दिवस वाचत गेला, त्या दिवशी रडारनं किती दाखवलं होतं तेही वाचत गेला, आणि देवधर गोणपाटावर बसून लिहीत गेले. ताराबाईंचा खरा आकडा रडारच्या जवळजवळ दुप्पट येत होता. एका दिवशी नाही, प्रत्येक दिवशी. करंजपाड्याएवढ्या उंचीवर दुसरा मापक नव्हता, म्हणून तिथल्या सगळ्या डोंगरउतारांचा पाऊस त्यांनी त्या हिशोबानं वाढवून धरला, पुन्हा एकदा ताळा केला आणि मला म्हणाले, "दुपार कलायच्या आत पाणी शहरात. तुमच्या भाषेत सांगायचं तर मारुतीच्या गळ्याला."

मी वायरलेसवर सांगितलं, दिलीपनं धरणावर कळवलं, वरिष्ठांना कळवलं, आणि भोंगा लावलेल्या रिक्षा भांडी बाजारात, सराफ बाजारात सोडल्या. शहरात तेव्हा धड छत्रीही उघडावी लागत नव्हती. लोक हसले असणार, हे मला इथं बसून दिसत होतं.

संच ठेवला आणि मागे वळले. ताराबाई तिथंच उभ्या.

"म्हंजे मी सांगितलं ते तुमी लिवलंच नाय?"

"नाही, ताराबाई."

"आनि वर मी खोटी?"

"माझं चुकलं," म्हटलं. "देवधर तुमचं नाव कापायला निघाले होते, तरीही मी दोन दिवस गप्प बसले. तेही चुकलं."

 त्यांनी प्लास्टिक डोक्यावर घेतलं आणि बाहेर गेल्या, कारण तास झाला होता. परत आल्या तेव्हा देवधरांना आकडा सांगितला. मला नाही.

त्या दिवशी जेवायला वाढलं त्यांनी. कमी वाढलं नाही, भाकरी गरमच दिली. फक्त मला काय आवडतं ते विचारलं नाही. मी जेवले आणि ताट घासून ठेवलं.

परत नाशिक

ओहोळ उतरल्यावर दुसऱ्या दिवशी निघालो. निरोपाला ताराबाई कुंपणापर्यंत आल्या. देवधरांनी यादी काढून त्यांच्यासमोर लाल प्रश्नचिन्हावर काट मारली आणि त्या कागदावर त्यांची सही मागितली. त्यांनी सावकाश, रेघ न सोडता, पूर्ण नाव लिहिलं. मला "जपून जा" म्हणाल्या, पण हात धरले नाहीत.

नाशकात शिरलो तर पाणी ओसरून मारुतीच्या कमरेवर आलेलं, आणि गळ्याशी गाळाची ओली रेघ. भांडी बाजारात दुकानांमध्ये चिखल होता, पण चिखलात काही नव्हतं. हंडे, कळश्या, पराती, घंगाळी, सगळं माड्यांवर. एक म्हातारे तांबटकाका खराट्यानं ओटा धूत होते. मला ओळखून म्हणाले, "मॅडम, काल तुमच्या रिक्षाला आम्ही वेड्यात काढलं हो. पोरांना म्हटलं, तरी पण उचला. पोरं शिव्या देत उचलत होती, आणि संपवून खाली येतात तोच पाणी दारात. रडारनं वाचवलं बघा."

"रडारनं नाही, काका. करंजपाड्याच्या ताराबाई भोयेंनी."

"त्या कोण?"

मग मी तिथंच चिखलात उभी राहून सगळं सांगितलं. माझ्या वहीसकट. काका खराटा टेकवून ऐकत राहिले आणि शेवटी एवढंच म्हणाले, "बरं झालं तुम्ही गेलात."

वरिष्ठांना मी लेखी कळवलं. त्यांनी माझी जी खरडपट्टी काढली ती मी मान खाली घालून ऐकली, कारण एकही शब्द खोटा नव्हता. कच्च्या-पक्क्या सगळ्या वह्या देवधर घेऊन गेले, कच्च्यांवरून नवं गणित बसवायला. मला खोलीतून हलवतील असं वाटलं होतं, पण हलवलं नाही. "तुम्हालाच आता नीट कळलंय," असं साहेब म्हणाले. नवी कोरी पक्की वही टेबलावर आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळेला संच खरखरला.

"नाशिक, करंजपाडा बोलतंय. तीन माप आनि वर सहा. ओव्हर."

मी थेट पक्क्या वहीत लिहिलं. "मिळालं. ओव्हर," म्हटलं. एरवी इथं बोलणं संपायचं. त्या दिवशी संपलं नाही.

"लिवलं?"

"लिहिलं, ताराबाई. ओव्हर."

"वाचून दावा. ओव्हर."

दिलीपनं माझ्याकडे बघितलं. मी वही पुढ्यात ओढली, ओळीखाली बोट ठेवलं आणि बटण दाबून वाचलं, "करंजपाडा. तीन माप, वर सहा. मोजणाऱ्या, ताराबाई भोये. ओव्हर."

 मग त्या म्हणाल्या, "बराबर आहा. उद्या बी वाचा. ओव्हर."

त्या पावसाळ्यात मी एकाही सकाळी रजा घेतली नाही.